सोडचिठ्ठी आणि हुकूमनामा

विवाह ठरतो तो चार वडीलधाऱ्यांच्या बैठकीत. तेव्हा तो मोडण्याची वेळ आलीच, तर तोही चार माणसांनी बसून, कागद करून मोडावा, म्हणजे घरची अब्रू घरातच राहील, अशी समजूत सुशिक्षित घरांतूनही अद्याप आढळते. हेतू वाईट नसतो. शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये, हे आपण लहानपणापासून ऐकत आलो आहोत. परंतु घटस्फोटाच्या बाबतीत ती पायरी चढल्यावाचून गत्यंतर नाही, आणि ते का, हे प्रत्येक कुटुंबाने समजून घेणे अगत्याचे आहे.

आमच्या रत्नागिरीच्या घरी हा प्रसंग काही वर्षांपूर्वी आला. माझी पुतणी लग्नानंतर तीन वर्षांनी माहेरी परतली. मारहाण नव्हती, व्यसन नव्हते; दोघांची मने जुळली नाहीत, एवढेच. दीड वर्ष वाट पाहून उभय पक्षांची मंडळी आमच्या ओटीवर बसली आणि मुद्रांकित कागदावर मजकूर तयार झाला: उभयतांचा संबंध संपला, यापुढे कोणाचा कोणावर हक्क नाही, मुलीने दागिनेही मागू नयेत. दागिन्यांवर पाणी सोडण्याचे तिच्या वडिलांनीच मोठ्या मनाने कबूल केले होते. तिला मात्र कोणी विचारले नव्हते. ती माजघरात चहा करीत होती. सह्या होण्यापूर्वी कागद वकिलांस दाखवावा, असा मी आग्रह धरला. भावोजींना तो रुचला नाही. पण त्यांनी ऐकले.

वकिलांनी कागद वाचून बाजूला ठेवला. म्हणाले, "काकू, याने काडीइतकेही काम होत नाही. हिने उद्या दुसरे लग्न केले, तर ते लग्न रद्दबातल ठरेल आणि वर गुन्हा हिच्यावरच येईल." १९५५ च्या हिंदू विवाह कायद्यान्वये घटस्फोट होतो तो न्यायालयाच्या हुकूमनाम्याने. ज्या समाजांत काडीमोडीची रूढी पूर्वापार आहे, तेथे ती कायद्याने राखली आहे. पण ती सिद्ध करावी लागते. ब्राह्मण घरांत तशी रूढीच नाही. पहिला विवाह कायम असता दुसरा करणाऱ्यास सात वर्षांपर्यंत कैद होऊ शकते.

हे दार सहजासहजी उघडलेले नाही. बालपणी लग्न झालेल्या रखमाबाईंवर त्यांच्या पतीने १८८४ साली मुंबईच्या हायकोर्टात नांदावयास येण्याबद्दल दावा लावला. १८८७ साली निकाल झाला, की नांदावयास जावे, नाही तर सहा महिने तुरुंगात जावे. बाईंनी तुरुंग पत्करण्याची तयारी दाखविली. आमच्या रत्नागिरीतच जन्मलेल्या लोकमान्यांच्या 'केसरी'नेही तेव्हा त्यांच्यावर टीकाच केली. अखेर १८८८ साली दोन हजार रुपयांवर तडजोड झाली. घटस्फोट मागण्याची सोयच हिंदू स्त्रीला नव्हती. ती बडोदे संस्थानात १९३१ साली, मुंबई प्रांतात १९४७ साली आणि सर्व देशात १९५५ साली झाली. परस्परसंमतीचा मार्ग तर १९७६ साली खुला झाला.

आज मार्ग दोन आहेत. उभयतांची संमती असेल, तर निदान एक वर्ष विभक्त राहिल्यावर दोघांनी मिळून अर्ज करावयाचा. त्यानंतर सहा महिन्यांनी, व अठरा महिन्यांच्या आत, दोघांनी पुन्हा न्यायाधीशांपुढे जाऊन तीच इच्छा सांगावयाची. योग्य प्रसंगी ही सहा महिन्यांची मुदत माफ करता येते, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१७ साली ठरविले आहे. संमती नसेल, तर क्रौर्य, दोन वर्षांचा परित्याग, व्यभिचार, धर्मांतर यांसारखे कायद्यातील कारण पुराव्याने शाबीत करावे लागते. 'पटत नाही' एवढे तेथे पुरत नाही. लग्न जेथे लागले, दोघे शेवटी जेथे एकत्र राहिले किंवा प्रतिपक्ष जेथे राहतो, तेथे अर्ज करता येतो. २००३ पासून पत्नीला स्वतःच्या राहत्या गावीही करता येतो. त्यामुळे मुलीला खटल्यासाठी परगावी हेलपाटे घालावे लागत नाहीत. खटला चालू असता पोटगी व खर्च मागता येतो. सुनावणी बंद दालनात होते, तेव्हा अब्रूची भीतीही अनाठायी आहे. स्त्रीला, तिचे उत्पन्न कितीही असो, जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून वकील विनामूल्य मिळू शकतो.

या साऱ्यात मला सर्वांत महत्त्वाची वाटली ती संमतीची बाब. ती वडिलांना देता येत नाही, काकांना देता येत नाही. ती जबरदस्तीने वा फसवणुकीने घेतलेली नाही, याची खात्री न्यायाधीशांना करून घ्यावी लागते. आणि हुकूमनामा होईपर्यंत ती मागेही घेता येते. वकिलांनी हे सांगितले, तेव्हा पुतणी प्रथमच बोलली. "मला वेगळे व्हायचे आहे. पण आजीच्या पाटल्या सोडायच्या नाहीत," ती म्हणाली. स्त्रीधन तिचे, त्यावर पाणी सोडण्याचा अधिकारही तिचाच! भावोजी गप्प राहिले. नवा अर्ज झाला, त्यात दागिन्यांची यादी आली, आणि सासरच्या मंडळींनी ती खळखळ न करता मान्य केली. दोन्ही वेळी न्यायाधीशांनी तिला विचारले, की यात कोणाचा दबाव तर नाही ना. आणि दोन्ही वेळी तिने स्पष्ट उत्तर दिले.

अशा वेळी वडील माणसांचे काम संपत नाही. त्यांनी समजूत घालावी, धीर द्यावा, वकिलाकडे सोबत जावे. पण अटी ठरण्याआधी जिचा संसार, तिला विचारावे. आणि हुकूमनाम्याची सहीशिक्क्याची नक्कल हाती येईपर्यंत नव्या स्थळाचे बोलणे काढू नये. निकाल वादाअंती लागला असेल, तर अपिलाची नव्वद दिवसांची मुदतही टळू द्यावी. एवढे सांभाळले, तर मोडलेल्या संसाराचे दुःख राहिले, तरी पुढच्या संसाराला धोका राहत नाही.