मसुदा कोणाचा?

कारकुनी केलेल्या माणसाला एक गोष्ट ठाऊक असते : लिहितो एक, नाव लागते दुसऱ्याचे. बाळकुमला राहून मी ठाण्यातल्या एका कारखान्यात अशीच नोकरी केली. कामगारांसाठी सुरक्षेची मराठी पुस्तिका मी लिहिली, फोरमनने ओळ न् ओळ तपासली. छापून आली ती मोठ्या साहेबांच्या नावाने. अब्बा म्हणाले, "पगार मिळाला ना? मग झाले."

प्रश्न पगाराचा नव्हता. पुढे साहेबांची बदली झाली, मीही नोकरी सोडली. अॅसिडच्या पिंपाजवळ कोणते हातमोजे घालायचे, ही ओळ एका नव्या कामगाराला कळेना. ज्यांचे नाव होते ते निघून गेले होते. ज्यांना उत्तर ठाऊक होते त्यांचे नाव कुठेच नव्हते. हे त्याने मला नंतर बाजारात भेटल्यावर सांगितले.

ही रीत जुनी आहे. आपल्या ठाणे जिल्ह्याचे गॅझेटिअर १८८२ साली सरकारी छापखान्यातून निघाले. संपादक जेम्स कॅम्पबेल. पण सरकारी ग्रंथावर लेखकाचे नाव घालायचे नाही, या त्या काळच्या नियमामुळे शीर्षकपानावर त्यांचे नाव नाही. तरी त्यांनी एक इमान राखले. मजकूर पुरवणाऱ्यांची नावे आत नोंदवली. पंडित भगवानलाल इंद्रजी हे त्यांतलेच.

कायदा काय म्हणतो? १९५७ च्या कॉपीराइट कायद्याचे कलम १७ सांगते की नोकरीचा भाग म्हणून केलेले लेखन, वेगळा करार नसेल तर, मालकाचे. पण कलम ५७ लेखकाला निराळा हक देते : मालकी दुसऱ्याकडे असली तरी 'हे मी लिहिले' असे सांगण्याचा.

देखरेख आणि श्रेय एकत्र नांदू शकतात, हे मराठी विश्वकोशाने दाखवले. त्याचा पहिला खंड १९७६ साली आला. प्रमुख संपादक तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी. देखरेख त्यांची, आणि नोंदीखाली नाव मात्र लिहिणाऱ्याचे.

आपल्यापैकी कितीतरी जण शाळा, ट्रस्ट, पतपेढ्यांचे अहवाल लिहितात. मुखपृष्ठ अध्यक्षांना खुशाल राहू द्या. आतल्या पानावर तीन ओळी पुरेत : लिहिले कोणी, तपासले कोणी, मंजूर केले कोणी. पहिल्या ओळीत मेहनतीची कदर आहे. आणि उद्या चूक निघाली, तर कोणाचे दार ठोठवायचे, हे तिन्ही ओळी मिळून सांगतात.