एक चूक, एकच शिक्षा

शास्त्रविषयांत उत्तर एकच, तेव्हां गुण देण्यांत मतभेद कसला, असें पालकांस वाटतें. परंतु १९१३ सालीं अमेरिकेंत भूमितीची एकच उत्तरपत्रिका शंभराहून अधिक शिक्षकांनीं तपासली. कोणीं तिला २८ गुण दिले, तर कोणीं नव्वदाहून अधिक!

हवेचा अडथळा नसतां वरून सोडलेला दगड ३ सेकंदांत ४४.१ मीटर खालीं येतो. एखादा मुलगा सूत्रांतील एकद्वितीयांश विसरतो व ८८.२ लिहितो. पुढें त्याच अंतरावरून ऊर्जा काढावयाची. रीत बिनचूक, पण उत्तर अर्थातच दुप्पट. आमचे कांहीं कडक स्नेही येथेंही शून्य देतात. एकाच अपराधाला दोनदां शिक्षा करण्याचा हा प्रकार आम्हांस मान्य नाहीं. पस्तिसाच्या उंबरठ्यावर अडलेल्या मुलाचें वर्ष या दोन गुणांवर अवलंबून असतें. उलट, पहिलें उत्तर ८८.२ आणि त्यावरून काढलेली ऊर्जा मात्र अचूक, असें दिसलें कीं आम्ही चष्मा पुसून शेजारच्या क्रमांकाची उत्तरपत्रिका पाहतों.

आम्ही साऱ्या गठ्ठ्यांतील पहिला प्रश्न तपासून मगच दुसऱ्याकडे वळतों. वाईट उत्तरांमागून आलेलें सामान्य उत्तर सोन्यासारखें भासतें, उत्तमांमागून तेंच पितळ ठरतें. एकच प्रश्न सलग वाचला म्हणजे माप सारखें राखणें सोपें जातें, तरी हा भ्रम कांहींसा उरतोच. वेळ अधिक जातो, मानधन तेवढेंच राहतें.