नेपल्सवर रुसलेला कारुसो

नेपल्सच्या मुख्य स्थानकाबाहेर पडलेला प्रवासी बहुधा डावीकडे, समुद्राच्या अंगाला वळतो. मी उजवीकडे निघालो. ओत्तोकाल्ली हा भाग पर्यटकांच्या वाटेवरचा नाही. गॅरेजं, भाजीची दुकानं, गॅलऱ्यांतून लोंबणारे कपडे आणि अंगावर येणाऱ्या स्कूटर. सान जोव्हानेल्लो नावाच्या गल्लीत सात नंबरच्या घरावर एक फलक आहे. २५ फेब्रुवारी १८७३ रोजी एन्रिको कारुसो इथे जन्मला. टेनर, म्हणजे ऑपेरातला वरच्या पट्टीचा पुरुषी आवाज. आणि टेनर म्हटलं की शंभर वर्षांनंतरही पहिलं नाव निघतं ते त्याचंच.

आई अ‍ॅना, वडील मार्चेल्लिनो. वडील कारखान्यात मेकॅनिक. एकवीस मुलांतलं हे अठरावं, ही गोष्ट अनेक पुस्तकांत भेटते. प्रत्यक्षात भावंडं सात आणि हा तिसरा. गरिबी मात्र रंगवायची गरज नव्हती. कोवळ्या वयातच तोही कारखान्यात लागला, संध्याकाळी चर्चमध्ये गायला. १८८८ मध्ये आई गेली. पुढे उन्हाळ्यात समुद्रस्नानाला येणाऱ्या मंडळींपुढे गाऊन त्याने चार पैसे मिळवले आणि त्यातून आयुष्यातले पहिले नवे बूट घेतले.

गुरू मिळाले ते गुल्येल्मो व्हेर्जिने. त्यांना शिष्याच्या आवाजाचं फारसं कौतुक नव्हतं, पण करार पक्का होता: पाच वर्षांच्या गायनाची चौथाई कमाई गुरुजींची. मेख अशी की पाच वर्षं मोजायची ती प्रत्यक्ष गायलेल्या दिवसांची! महिन्यात आठ दिवस गाणाऱ्याने हे ऋण फेडायचं कधी? प्रकरण कोर्टात गेलं आणि तडजोडीने मिटलं. गुरुदक्षिणेच्या आपल्याकडच्या कथा मला त्या गल्लीत उगाचच आठवत राहिल्या.

तिथून सान कार्लोकडे जायला कोर्सो उंबेर्तोचा लांब, सरळ रस्ता आहे. १८८४ मध्ये इथे कॉलऱ्याची मोठी साथ आली, त्यानंतर दाट वस्त्या पाडून तो काढला. गल्लीबोळांच्या या शहरात हा रस्ता परका वाटतो.

सान कार्लो नाट्यगृह ४ नोव्हेंबर १७३७ ला उघडलं. मिलानच्या ला स्कालाहून ते एक्केचाळीस वर्षांनी मोठं. बूर्बों घराण्यातल्या राजा चार्ल्सने ते राजवाड्याला खेटून बांधवलं. १८१६ मध्ये आगीत खाक झालं, तर वर्षभराच्या आत पुन्हा उभं केलं. आतला लाल-सोनेरी थाट पाहून बोलणं थांबतं. भोवताली १८४ बॉक्स, मधोमध शाही बॉक्स. माहिती सांगणाऱ्या बाईंनी बॉक्समधले आरसे दाखवले. राजाने टाळी वाजवल्याशिवाय टाळी वाजवायची नाही असा रिवाज. म्हणून सरदारमंडळी आरशात राजाचे हात बघत बसायची, असं म्हणतात.

कारुसोच्या काळापर्यंत बूर्बों राजवट संपून चाळीस वर्षं झाली होती, पण बॉक्समधला तोरा शिल्लक होता. ३० डिसेंबर १९०१ रोजी तो इथे दोनिझेत्तीच्या ‘लेलिझिर दामोरे’ या ऑपेरात उभा राहिला. त्याच वर्षी फेब्रुवारीत, तोस्कानिनीच्या संचालनाखाली, याच भूमिकेसाठी मिलानने त्याला डोक्यावर घेतलं होतं. घरच्यांनी थंड स्वागत केलं. स्वतःला कानसेन समजणारी काही मंडळी होती. पदार्पणाआधी गायकाने त्यांच्या पायऱ्या झिजवाव्यात ही अपेक्षा. हा गेला नाही. हुर्यो उडाल्याच्या कथेला नंतर बरंच मीठमसाला लागला आहे, प्रयोग पुढे सरकला तशा टाळ्याही पडल्या. पण साव्हेरियो प्रोचिदा या समीक्षकाने लिहिलेलं त्याला झोंबलं. आवाज बॅरिटोनकडे, म्हणजे टेनरच्या खालच्या पट्टीकडे झुकतो, असा त्यांचा आक्षेप होता. गंमत म्हणजे याच गडद, भरदार खालच्या सुरांसाठी पुढे जग वेडं झालं. कान चुकले नव्हते, निवाडा चुकला होता.

ठरलेले प्रयोग त्याने पुरे केले, त्यात मास्नेचं ‘मानों’ही होतं. मग सांगून टाकलं, की आता नेपल्सला यायचं ते गाण्यासाठी नाही, फक्त स्पगेटी खायला.

नाट्यगृहाला लागूनच राजवाडा आहे आणि त्यात २०२३ पासून कारुसोचं संग्रहालय. ज्या शहराच्या बॉक्सवाल्यांनी नाकं मुरडली, त्याच शहराने त्याला राजाच्या घरात जागा दिली. तिथल्या ग्रामोफोनपुढे मी सर्वांत जास्त रेंगाळलो. कारण नेपल्सची ती रात्र होऊन चार महिनेही उलटले नव्हते तेव्हा, ११ एप्रिल १९०२ ला, मिलानच्या एका हॉटेलातल्या खोलीत फ्रेड गायसबर्ग या ध्वनिमुद्रकाने कारुसोला कर्ण्यापुढे उभं केलं. एका दुपारी दहा गाणी, मोबदला शंभर पौंड. रक्कम अवाच्या सवा आहे, मुद्रण करू नका, अशी लंडनहून तार आली होती आणि आपण ती बाजूला ठेवली, ही गायसबर्गची आठवण. माइक नव्हता, आवाजाच्या नुसत्या जोरावर सुई मेणात खाचा पाडायची. फार उंच सूर त्यात किरटे होत, फार खालचे हरवत. कारुसोचा आवाज मात्र नेमका त्या कर्ण्याच्या मापाचा निघाला. त्या दहांत ‘लेलिझिर’मधलं ‘उना फुर्तिवा लाग्रिमा’ होतं आणि ‘मानों’मधलं स्वप्नाचं गाणंही. नेपल्सला गायलेली दोन्ही कामं तबकड्यांवरून घरोघर पोचली. आणि त्याच वर्षीच्या नोव्हेंबरात हेच गायसबर्ग कलकत्त्यात गौहरजानचं गाणं मुद्रित करत होते. आपल्या ध्वनिमुद्रिकांच्या इतिहासाचं पहिलं पान उलटणारे हात तेच.

१९०३ मध्ये न्यूयॉर्कचं मेट्रोपोलिटन ऑपेरा त्याचं घर झालं. तिथे आठशेहून अधिक प्रयोग. १९०६ चा सान फ्रान्सिस्कोचा भूकंप झाला, त्याच्या आदल्या रात्री तो तिथे ‘कार्मेन’मध्ये गायला होता. हे सगळं चरित्रांत आहे, इथे पाल्हाळ नको. अखेरचं सांगायला हवं. डिसेंबर १९२० मध्ये ब्रुकलिनमध्ये गाताना त्याच्या तोंडून रक्त आलं. तेव्हाही ‘लेलिझिर’च चालू होतं. २४ डिसेंबरला मेट्रोपोलिटनमध्ये तो शेवटचं गायला. छातीच्या आजारावर एकामागून एक शस्त्रक्रिया झाल्या. १९२१ च्या उन्हाळ्यात तो पत्नी डोरोथी आणि लहानग्या ग्लोरियाला घेऊन हवापालटासाठी सोरेंतोला आला. पुढच्या उपचारांसाठी रोमला जाताना वाटेत नेपल्सला, समुद्रावरच्या व्हेसुव्हियो हॉटेलात थांबला आणि तिथेच २ ऑगस्टला गेला. वय अवघं ४८. आज त्या हॉटेलच्या गच्चीवरच्या रेस्टॉरंटला त्याचं नाव आहे. पदार्थांचे दर बघून मी खालच्या धक्क्यावरच उभं राहून किल्ला पाहिला.

अंत्यसंस्कारासाठी इटलीच्या राजाने सान फ्रांचेस्को दी पाओलाचं चर्च खुलं केलं. राजवाड्यासमोरच्या चौकातलं ते गोल घुमटाचं चर्च; सान कार्लो तिथून हाकेच्या अंतरावर. सांता मारिया देल पियांतोच्या दफनभूमीत पुढे काही वर्षं त्याचा देह काचेच्या पेटीत लोकांना पाहण्यासाठी ठेवला होता. शहराचा पश्चात्ताप म्हणा की हौस म्हणा, मला ती गोष्ट अघोरी वाटते. पेटी अखेर बंद झाली ते बरं झालं.

सान कार्लोत जाणार असाल तर आधी १९०२ ची ती ‘उना फुर्तिवा लाग्रिमा’ ऐका. इंटरनेटवर फुकट मिळते. खरखर खूप आहे, पियानोही लांबून आल्यासारखा वाटतो. त्या नाट्यगृहात हा आवाज पुन्हा घुमला नाही. १९०२ नंतर कारुसो नेपल्सच्या रंगमंचावर एकदाही गायला नाही.