ताणावरचा बगीचा

मे महिन्यात लोक महाबळेश्वरला जातात, उटीला जातात. मी पांढुर्ण्याला जाते. सासूबाई दरवर्षी बॅग भरताना विचारतात, ''इष्टु बिसलाग एल्लि होंटी?'' एवढ्या उन्हात निघालीस कुठं? उत्तर त्यांना ठाऊक असतं. माझी मोठी बहीण तिकडे दिली आहे. वडील नोकरीनिमित्त नागपूरला होते तेव्हा ते स्थळ आलं, आणि बेळगावची मुलगी सातपुड्याच्या पायथ्याशी संत्र्याच्या बगीच्यात जाऊन पडली.

नागपूरहून निघालं की सावनेरला रस्त्याला दोन फाटे फुटतात. एक पांढुर्ण्यावरून मुलताई-बैतूलकडे जातो, दुसरा सौंसरवरून छिंदवाड्याकडे. मधल्या पट्ट्यात ताईचं गाव. दुकानाच्या पाट्या हिंदीत, घरातलं बोलणं मराठीत, आणि भाच्याचा अभ्यास पुन्हा हिंदीत. आपल्याला यात नवल वाटायचं कारण नाही. 1 नोव्हेंबर 1956 ला राज्यांची फेररचना झाली, तेव्हा विदर्भाचे जिल्हे मुंबई राज्यात गेले आणि छिंदवाडा जिल्ह्यातला हा मराठी मुलूख मध्य प्रदेशात राहिला. आपलं बेळगाव म्हैसूर राज्यात गेलं, तेही त्याच दिवशी. तारीख एक, गाऱ्हाणं मात्र ज्याचं त्याचं. 2023 साली छिंदवाड्यातून पांढुर्णा हा वेगळा जिल्हा झाला आणि सौंसर तालुका त्यात आला.

मी भूगोल शिकवते, त्यामुळे हवामानाचे आकडे वाचायची खोड आहे. नागपूर समुद्रसपाटीपासून तीनशे मीटरच्या थोडं वर, तर छिंदवाडा पावणेसातशेच्या आसपास. सौंसरहून सिल्लेवानीचा घाट चढून गेलं की हवेत दोनेक अंशांचा फरक पडतो. आकडा छोटा आहे, पण रात्री अंगणात खाट टाकणाऱ्याला त्याचं मोल कळतं. घाटाखाली रात्रीचे अकरा वाजले तरी भिंतीला हात लावला तर चटका बसतो.

पहिल्याच दिवशी मी भाऊजींसमोर थोडी विद्वत्ता पाजळली. म्हटलं, सपाटीवर तापमान 40 अंशांवर आणि डोंगराळ भागात 30 वर गेल्याखेरीज हवामान खातं उष्णतेच्या लाटेचा विचारच करत नाही. शिवाय ते नेहमीच्या सरासरीपेक्षा किमान साडेचार अंशांनी जास्त हवं, किंवा सरळ 45 ला पोचायला हवं. भाऊजींनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, ''म्हणजे त्रेचाळीसले लाट नाही. आम्ही रोजच्यातच हावो.''

ही गोष्ट 2025 च्या मे महिन्याच्या सुरुवातीची. संध्याकाळी ताईबरोबर बगीच्यात गेले आणि माझ्या पोटात गोळाच आला. विहिरीकडची झाडं ठीक होती, लिंबाएवढी हिरवी फळं धरलेली. बांधापलीकडच्या झाडांची पानं मात्र कोमेजून मुडपलेली, रंग उडालेला. मी म्हटलं, ''ताई, ही झाडं गेली गं!''

''काही गेली नाहीत. ताणावर आहेत,'' ताई म्हणाली.

संत्र्याचे इथे दोन बहार. आंबिया बहार जानेवारी-फेब्रुवारीत फुलतो आणि दिवाळीच्या आगेमागे तोडणीला येतो. त्याला अख्खा उन्हाळा पाणी द्यावं लागतं. ज्याच्या विहिरीला तेवढं पाणी नाही, तो मृग बहार धरतो. त्यासाठी झाडांचं पाणी तोडायचं. हलक्या जमिनीत महिनाभर, भारी काळ्या जमिनीत दीड-दोन महिने. झाड उपाशी राहतं, वाढ थांबवतं, आणि मृगाचा पाऊस पडला की फुलांनी लदबदून जातं. भाऊजींची विहीर अर्ध्याच बगीच्याला पुरते. म्हणून अलीकडे आंबिया, पलीकडे मृग. भाच्याच्या नागपूरच्या कॉलेजची फी आणि खोलीभाडं पलीकडच्या अर्ध्यावर धरलेलं होतं.

आता गंमत बघा. आपल्याकडे वळवाची सर आली की आपण अंगणात येऊन वास घेतो, आणि सासूबाई 'मळे बंतु' म्हणून पापड आत घ्यायला धावतात. (मराठीत मळे पिकतात, कन्नडमध्ये पडतात. लग्नानंतर वर्षभर माझा हा गोंधळ चालला होता.) तिथे मात्र हलकी सर आंबियाला हवी आणि मृगाला नको. गार तर कुणालाच नको, कारण ती पडली की कोवळी फळं खाली.

आणि आभाळ तर आपलं-त्यांचं एकच. उन्हाळ्यात अनेकदा विदर्भापासून मराठवाडा, अंतर्गत कर्नाटक असा थेट तामिळनाडूपर्यंत कमी दाबाचा एक लांब पट्टा तयार होतो. वायव्येकडून येणारा कोरडा तापलेला वारा आणि समुद्राकडचा दमट वारा तिथे भेटले की ढग गडगडतात. आपला वळीव आणि पांढुर्ण्याची गारपीट पुष्कळदा याच पट्ट्याची लेकरं. अंदाज मात्र सरहद्द पाळतो. निपाणीचा उत्तर अंतर्गत कर्नाटकात, कागलचा मध्य महाराष्ट्रात. पांढुर्ण्याचा पूर्व मध्य प्रदेशात, सावनेरचा विदर्भात. भाऊजी हिंदी पेपरातला भोपाळचा अंदाज वाचतात, मग मराठी पेपरातला नागपूरचा, आणि मग ओसरीवर येऊन सातपुड्याकडे बघतात. विश्वास तिसऱ्यावर.

त्या वर्षी मार्चअखेर हवामान खात्याने सांगितलं होतं, एप्रिल ते जून देशाच्या बहुतेक भागांत उन्हाळा नेहमीपेक्षा कडक राहील. ताणाला असा उन्हाळा चांगला, म्हणून भाऊजी निर्धास्त होते. पण तीन महिन्यांचा असा अंदाज म्हणजे मोठ्या मुलखाची शक्यता. अमुक गावात अमुक दिवशी काय होईल, हे तो सांगत नाही. वर्गात मी हे वाक्य वीसेक वर्षं सांगत आले आहे.

तिसऱ्या दिवशी दुपारी चारला डोंगराकडून काळं चढलं. वारा सुटला, पत्रे वाजले. घरातली सगळी माणसं ओसरीवर उभी, आणि पाऊस येऊ नये म्हणून हात जोडलेले. दुष्काळी गावातही मी पावसाला नको म्हणणारे हात पाहिले नव्हते. गार पडली नाही. पाऊस वीस मिनिटं चांगला पडला. भाऊजी चपला न घालताच बांधापलीकडे गेले, माती उकरून किती ओल उतरली ते बघून आले आणि काही न बोलता चहा प्यायले. मी मातीच्या वासाबद्दल काहीतरी म्हणणार होते, ते गिळलं.

मी परतल्यावरही पाऊस येतच राहिला. तो मे देशात 1901 पासूनचा सर्वांत जास्त पावसाचा ठरला. देशाची सरासरी 126.7 मिलिमीटर. मोसमी पाऊस 24 मे लाच केरळात पोचला, आपल्याकडे सगळे खूश झाले. महिनाअखेर मात्र तो वाटेतच अडला आणि दोन आठवड्यांवर खोळंबून राहिला. पांढुर्ण्याला हवा तेव्हा ताण राहिला नाही, आणि हवा तेव्हा मृग आला नाही.

जूनअखेर ताईचा फोन आला. आंबियाची फळं टिकली होती, फीचा पहिला हप्ता त्यातून निघेल म्हणाली. मृगाच्या झाडांचं विचारलं तर थोडी थांबली. ''फूल नाही गं. नुसती नवती फुटलीय, पानंच पानं. रस्त्यानं जाणारे थांबून म्हणतात, यंदा बगीचा काय हिरवागार आहे तुमचा!''