एंटरवर चालणारं सॉफ्टवेअर

साखर कारखान्याच्या वजनकाट्यावर माऊस फार दिवस टिकत नसे. गाड्यांनी उडवलेली धूळ आणि पाचटाचा चुरा आत जाऊन त्याचा रबरी गोळा अडकायचा आणि पडद्यावरचा बाण एका जागी थरथरत राहायचा. आम्ही पुण्यात बसून व्हिज्युअल बेसिकमध्ये देखणे फॉर्म रचत होतो. रंगीत बटणं, उघडमीट करणाऱ्या याद्या, तारीख निवडायला छोटं कॅलेंडर. १९९८ साली व्हीबी ६ आलं तेव्हा तर हौसेला मोलच उरलं नाही.

काट्यावरच्या अण्णांनी ते सगळं शांतपणे बघितलं आणि विचारलं, "साहेब, ह्यात एंटर का चालंना?"

त्यांच्याकडे त्याआधी डॉसवरचा फॉक्सप्रोचा प्रोग्रॅम होता. गाडी नंबर, एंटर. शेतकऱ्याचा कोड, एंटर. वाहतूकदार, एंटर. नजर खिडकीबाहेरच्या ट्रॅक्टरवर आणि बोटं आपोआप कीबोर्डवर. एका चौकटीतून दुसऱ्या चौकटीत टॅबने जायचं ही विंडोजची रीत त्यांना मान्य नव्हती, आणि ती मान्य करायचं त्यांना काही कारणही नव्हतं. बाहेर ट्रॉल्यांची रांग रस्त्यापर्यंत गेलेली असायची आणि तोडून ठेवलेला ऊस उन्हात वजन घालवत असायचा. फॉर्मवर एंटर दाबलं की पुढच्या चौकटीत जायचं, एवढी सोय करायला कोडच्या मोजक्या ओळी पुरल्या. पण पुढे माझ्या हाताखाली टीम आली तेव्हा नव्या मुलांना मी सर्वात आधी हेच काम द्यायचो आणि माऊस काढून ठेवायचो.

वजनाचा भाग खरा कसाचा. गाडी भरून आली की एकदा वजन, रिकामी होऊन परतताना दुसऱ्यांदा. दोन्हींतला फरक म्हणजे ऊस. काट्याचा इंडिकेटर संगणकाच्या सिरियल पोर्टवर आकडे सतत पाठवत राहतो. त्यातला कुठला धरायचा? लागोपाठ काही आकडे सारखे आले तरच वजन स्थिर मानायचं, असं आम्ही ठरवलं. ट्रॅक्टरला ते लागू पडलं, बैलगाडीला नाही. बैलाने पाय बदलला की आकडा हलायचा आणि प्रोग्रॅम ताटकळत बसायचा. किती किलोंपर्यंतची हालचाल चालेल यावर आमच्या ऑफिसात जेवढी भांडणं झाली, तेवढी पगारवाढीवरूनही झाली नसतील. शेवटी तो आकडा कारखान्याच्या लोकांनी आणि काटा तपासणाऱ्यांनी ठरवला, आणि ते योग्यच झालं. शेतकऱ्याच्या पदरात किती पडायचं याचा निर्णय कोथरूडच्या एसीत व्हायला नको.

मराठीची कथा वेगळीच. युनिकोड रुळण्याआधी देवनागरी म्हणजे निव्वळ फॉन्टची करामत. अक्षरं पडद्यावर दिसतील त्या क्रमाने साठवली जायची. पहिली वेलांटी व्यंजनाच्या आधी दिसते, म्हणून साठवणीतही तीच आधी. सभासदांची यादी अकारविल्हे लावली की किरण, विठ्ठल, शिवाजी असे सगळे पहिल्या वेलांटीवाले आपापलं अक्षर सोडून एका जागी गोळा व्हायचे. सर्वसाधारण सभेसाठी छापलेल्या यादीत 'व' मध्ये विठ्ठल सापडेना, तेव्हा आम्ही नाव मनातल्या मनात उलगडून त्याची लावणीसाठी वेगळी प्रत तयार करणारा कोड लिहिला. विंडोज २००० मध्ये देवनागरीची सोय आली, पण व्हीबी ६ च्या चौकटींना युनिकोड कळत नव्हतं. आम्ही डॉट नेटकडे वळलो ते मुख्यतः यासाठी. नव्या तंत्रज्ञानाची ओढ वगैरे कारणं आम्ही नंतर, मुलाखती घेताना सांगायला लागलो.

बिलावरची रक्कम अक्षरी छापायची तर इंग्रजीत नव्याण्णवपर्यंतचं काम सत्तावीस शब्दांत भागतं. मराठीत एकोणसाठ वेगळा, त्रेसष्ट वेगळा, अठ्ठ्याऐंशी वेगळा. जोडून काही बनत नाही. सगळी यादीच पाठ द्यावी लागते. ती यादी टीममधल्या एकाच्या आजीने तपासून दिली.

टीम चालवणं म्हणजे कामं वाटणं, असं मला आधी वाटायचं. व्हिज्युअल सोर्ससेफमध्ये एकाने फाइल चेकआउट केली की ती बाकीच्यांना कुलूपबंद, आणि नेमका तोच पुतण्याच्या मुंजीला नाशिकला, हे सोडवण्यात बरीच ऊर्जा जायची. हळूहळू मी एकच नियम धरून बसलो. कोडला हात लावण्याआधी प्रत्येकाने गळीत हंगामात काट्यावरची रात्रपाळी बघायची. मुलं कुरकुरायची. मालकांनाही प्रवासखर्च डोळ्यांवर यायचा.

त्या खर्चाची भरपाई एका डिसेंबरात झाली. पहिल्या पंधरवड्याच्या ऊसबिलात फक्त १२ ते १५ तारखेच्याच पावत्या आल्या. आधीच्या गायब. लेखापाल हवालदिल, आणि ऑफिसातले आम्ही डेटाबेस बिघडला असं धरून बॅकअप शोधत होतो. काट्यावर पाठवलेली आमची सर्वात नवी मुलगी मात्र तिथूनच फोनवर म्हणाली, "सर, १२/१२ उलट केलं तरी १२/१२च राहतं ना?"

तिथला संगणक नुकताच फॉरमॅट झाला होता आणि विंडोजमधली तारखेची पद्धत अमेरिकी राहिली होती, म्हणजे महिना आधी. ५ डिसेंबरची पावती १२ मे म्हणून साठली आणि पंधरवड्याबाहेर पडली. १३ तारखेपासून मात्र तेरावा महिना नसल्यामुळे प्रोग्रॅम गुपचूप दिवस-महिना अदलून घ्यायचा आणि तारीख बरोबर लागायची. सगळंच चुकलं असतं तर पहिल्याच दिवशी कळलं असतं. अर्धं बरोबर येत होतं, म्हणून इतके दिवस दडून राहिलं. तिने रात्रभर कागदी पावत्या शेजारी ठेवून तारखा दुरुस्त केल्या. त्यानंतर आमच्याकडे तारीख साठवताना वर्ष, महिना, दिवस हाच क्रम, संगणकाची सेटिंग काहीही असो. पुढच्या वर्षी काट्याचं मॉड्यूल मी तिच्याकडे सोपवलं. तिच्याहून जुनी माणसं रुसली, एक जण सोडूनही गेला.

आता हिशेब, बिलं, अहवाल सगळं ब्राऊझरमध्ये गेलं आहे. मला त्याचं दुःख नाही. दुरुस्तीची सीडी घेऊन एसटीने जायचं, आणि दुसऱ्याच कुणाच्या सॉफ्टवेअरने आपली ओसीएक्स फाइल जुनी करून ठेवली म्हणून पुन्हा जायचं, यात रम्य काही नव्हतं. वजन मात्र अजून डेस्कटॉपवरच आहे. इंटरनेट गेलं म्हणून गाड्या थांबवता येत नाहीत. पावती आधी तिथल्या तिथे साठते, मग जमेल तेव्हा वर जाते.

विंडोज १० चा आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, नेमका बॉयलर पेटवण्याच्या दिवसांत. नव्या संगणकांना सहसा सिरियल पोर्ट नसतो. यूएसबीचा कन्व्हर्टर लावावा लागतो, आणि तो वेगळ्या खाचेत खोचला की पोर्टचा नंबर बदलतो. आमच्या टीमने इंडिकेटर कुठल्या पोर्टवर आहे ते आपोआप हुडकणारा कोड लिहिला आहे आणि तो व्यवस्थित चालतो. तरी काट्यावरच्या मंडळींनी ठरलेल्या खाचेवर लाल नेलपॉलिशचा ठिपका लावून ठेवलाय. टीममधल्या एकाने तो पुसायला सांगितलं. मी म्हटलं, राहू दे.