सहा रिकामी वर्षे

पारितोषिक-समारंभाच्या दिवशी ज्याच्या गळ्यात माळ पडते, त्याच्याकडे सर्वांचे डोळे लागतात. पण ती पडण्यापूर्वी तो किती वेळा रिकाम्या हातांनी घरी परतला, हे सहसा कोणी विचारीत नाही. ज्या खेळाडूविषयी मी आज लिहिणार आहे, त्याच्या पहिल्या अजिंक्यपदापासून निवृत्तीपर्यंतच्या सोळा वर्षांत विजयाची वर्षे दहा आहेत आणि रिकामी सहा. मला ती सहाच अधिक बोधप्रद वाटतात.

ह्या विषयाकडे मी वळलो तो माझ्या भाच्यामुळे. ओहोटी लागली की चिवल्याच्या किनाऱ्यावर ओल्या वाळूत मित्राची फटफटी पिटाळण्याचा त्याला छंद जडला होता. वय अवघे सोळा. परवाना अर्थातच नाही. माझी बहीण काळजीने अर्धी झाली. "दादा, माजा तो आयकणा नाय. तूच तेका काय तां सांग," असे तिने मला विनविले. नुसते 'नको' म्हणणे सोपे होते. परंतु त्याच्या खोलीतील भिंतीवर स्टीफन एव्हर्ट्स ह्या बेल्जियन स्वाराचे चित्र होते. त्याच्या दैवताचेच चरित्र त्याच्यापुढे ठेवावे, असे मी ठरविले आणि ते मिळवून वाचू लागलो.

मोटोक्रॉस म्हणजे चिखल, वाळू व उंचवटे ह्यांनी भरलेल्या बंदिस्त मैदानावरील फटफटींची शर्यत. तिचा उगम 1924 साली इंग्लंडात, सरे परगण्यातील कॅम्बर्ली येथे झालेल्या शर्यतीत मानितात. आडवी फळी खाली पडताच सुमारे चाळीस स्वार एकाच वळणाकडे झेपावतात. नेमलेला वेळ संपला तरी सुटका नाही. त्यावर आणखी दोन फेऱ्या घालाव्या लागतात. आपल्या महाराष्ट्रातही जानेवारी 2024 मध्ये पुण्यास बालेवाडीच्या क्रीडासंकुलात ह्याच खेळाच्या सुपरक्रॉस नामक प्रकाराचे सामने झाले.

एव्हर्ट्सचा जन्म 1972 सालचा. त्याचे वडील हॅरी हे स्वतः चार वेळा जगज्जेते होते. म्हणजे विद्या घरचीच. 1991 साली, अवघ्या अठराव्या वर्षी, 125 सी.सी. वर्गाचे जागतिक अजिंक्यपद त्याने मिळविले. लोक म्हणाले, आता ह्याला कोण अडविणार? परंतु त्यानंतर लागोपाठ तीन वर्षे पदाने हुलकावणी दिली. 1995, 1996 व 1997 ह्या सालांत ते पुन्हा त्याच्याकडे आले. पुढे 1998 साली ग्रीस देशातील अखेरच्या मैदानावर फ्रान्सच्या सेबास्तियन तोर्तेलीने ते त्याच्या हातून हिरावून घेतले, आणि 1999 व 2000 ही दोन वर्षे दुखापतींनी खाल्ली. तिशीकडे झुकलेला, मोडलेल्या हाडांचा स्वार आता संपला, असे कोणासही वाटले असते.

तो मात्र 2001 साली परतला आणि 2006 पर्यंत सलग सहा वर्षे अजिंक्य राहिला! 2003 साली फ्रान्समधील एर्ने येथे एकाच दिवशी तीन निरनिराळ्या वर्गांच्या शर्यती त्याने जिंकल्या. 2006 साली पंधरांपैकी चौदा ग्रां-प्री जिंकून, दहा अजिंक्यपदे आणि एकूण 101 ग्रां-प्री विजय पदरी असता, तो निवृत्त झाला. त्यापूर्वीचा विक्रम त्याच्याच देशाच्या जोएल रोबेरचा, सहा पदे व पन्नास विजयांचा होता.

हे यश केवळ धाडसाचे नव्हे. एव्हर्ट्सची ख्याती होती ती त्याच्या संथ, डौलदार स्वारीबद्दल. इतर जेथे बसून झटापट करीत, तेथे तो पायांवर उभा राहून यंत्राला आपल्याखाली मोकळे खेळू देई. आपल्याकडील जाणता तांडेल लाटेशी भांडत नाही. लाट ओळखून होडी घालितो. तोच हा प्रकार.

निवृत्तीनंतरही दैवाने त्याची परीक्षा पाहिली. 2018 साली काँगो देशातून परतल्यावर हिवतापाने त्याला मरणाच्या दारी नेले. प्राण वाचले, पायांची बोटे मात्र गमवावी लागली. ज्या पायांवर उभे राहून त्याने जग जिंकिले, त्याच पायांनी चालणे त्याला नव्याने शिकावे लागले.

हे सारे भाच्यास सांगितल्यावर तो बराच वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, "मामा, म्हणजे पडणे काही चुकत नाही." मी म्हटले, "नाही चुकत. म्हणूनच त्यांच्या डोक्यास शिरस्त्राण असते, छातीस कवच असते, मैदान राखलेले असते आणि वैद्य जवळ उभा असतो. किनाऱ्यावर तर रापण ओढणारी माणसे आणि खेळणारी मुले असतात." त्याने किनाऱ्यावरील स्वारी सोडली. आवड सोडली नाही, आणि ती सोडावी असे मीही म्हटले नाही. सध्या तो एका गॅरेजात सुटीच्या दिवशी इंजिन उघडावयास शिकत आहे. बहिणीची चिंता पुरती मिटलेली नाही. आईची चिंता पुरती कधी मिटते?

विद्यार्थीमित्रहो, वेग कोणासही घटकाभर साधतो. सोळा वर्षे टिकण्यास मात्र संयम लागतो, आणि रिकाम्या वर्षांतही सराव न सोडण्याचा निश्चय लागतो. पालकांसही एवढेच विनविणे आहे की, मुलाच्या ओढीस नुसता बांध घालू नये. तिला पाट काढून द्यावा.