तट्टाची तुंबलेली अश्रुनलिका

घोड्याच्या डोळ्यातले पाणी एरवी नाकात उतरते. डोळ्याच्या आतल्या कोपऱ्याजवळ दोन्ही पापण्यांच्या कडेला एकेक बारीक अश्रुछिद्र असते. तिथून पाणी अश्रुकोशात आणि पुढे अश्रुनलिकेत जाते. मोठ्या घोड्यात ही नलिका २५ ते ३० सेंटिमीटर लांब असते, तट्टात थोडी आखूड. तिचे खालचे तोंड नाकपुडीच्या तळाशी, कातडी संपून गुलाबी अस्तर सुरू होते त्या सीमेवर असते. नाकपुडी फाकवली की ते साध्या नजरेलाही दिसते.

मंठ्यात प्रस्तुत लेखकाच्या तट्टाचा डावा डोळा सोयाबीनच्या मळणीच्या दिवसांत गळू लागला. आधी नुसते पाणी, मग पिवळट चिपडे. गालावरचे केस गेले, कातडी लाल झाली, माश्या हटेनात. घोड्याच्या डोळ्याखालच्या भोवऱ्याला आसूढाळ म्हणतात आणि तसे जनावर अशुभ मानतात. या तट्टाला भोवरा नव्हता, तरी त्याच जागचा ओला ओघळ पाहून ते विकून टाकण्याचा सल्ला मिळाला. दुखण्याने गांजलेल्या मुक्या जिवावर असा ठपका येणे फार वाईट. कित्येक आठवडे थेंब घातले गेले. थेंबांनी चिपडे कमी होत, पण वाट बंदच असल्याने डोळा पुन्हा भरे.

निदान रंगाने होते. पशुवैद्याने दोन्ही डोळ्यांत फ्लुरेसिन घातले. उजव्या नाकपुडीत काही मिनिटांत हिरवा थेंब उतरला. डावी कोरडी राहिली आणि रंग गालावरून वाहिला. बुबुळावर जखम असेल तर हाच रंग तिथे धरून राहतो. जखमेवर स्टिरॉइडचे थेंब घातक ठरतात, म्हणून ही तपासणी आधी हवी. पापणीखाली कुसळ किंवा डोळ्यातले कृमी आहेत का, वरच्या दाढेच्या मुळाशी गळू आहे का, तेही पाहावे लागते. काही शिंगरांत नाकाकडचे तोंड जन्मतःच नसते. तिथे शस्त्रक्रियेने ते उघडावे लागते.

नलिका धुतात ती नाकाकडून. तट्टाला गुंगीचे इंजेक्शन दिले, मोहोरकी धरून मान खाली ठेवली. नाकातल्या तोंडाशी बधिर करणारी जेली लावून मऊ, बारीक नळी काही सेंटिमीटर आत सरकवली. ते तोंड बोटाने दाबून धरले आणि सिरिंजने कोमट सलाइन सोडले. पहिल्यांदा ते सगळे मागे आले. इथे जोर करायचा नसतो. नलिका फाटू शकते. थोडे थांबून, अगदी सावकाश पुन्हा सोडल्यावर डोळ्याच्या कोपऱ्यातून घट्ट पिवळा गोळा बाहेर आला, त्यामागून गढूळ पाणी, मग स्वच्छ. तट्टू जोरात फुरफुरले. उभ्या माणसांचे चेहरे भिजले आणि खुलले.

पुढे काही दिवस प्रतिजैविकाचे थेंब, कोमट पाण्याने गाल पुसणे, त्यावर व्हॅसलीन आणि मोहोरकीला माश्या वारणारी झालर. गरज पडल्यास धुणे पुन्हा करतात. तरीही नलिका तुंबत राहिली तर तिच्यात नळी टाकून ती काही आठवडे टाक्यांनी धरून ठेवतात किंवा अडथळा पाहण्यासाठी क्ष-किरणांत उठून दिसणारे द्रव्य भरून चित्र काढतात. मंठ्याहून अशा कामासाठी जिंतूरमार्गे परभणीचे पशुवैद्यकीय महाविद्यालय गाठता येते. या तट्टावर ती वेळ आली नाही. आठवड्याने पुन्हा रंग घातला, तेव्हा डावी नाकपुडीही हिरवी झाली. डोळ्यात धूळ जाऊ नये म्हणून तोबऱ्यातला भुसा आता ओला करून देतात आणि मळणी चालू असताना तट्टू खळ्यापासून लांब बांधतात.